मदत हवी आहे: जर्मनीचं रेसिडेन्स परमिटचं कार्ड अजून हातात नाही, बहिणीनं प्राग-व्हिएन्नाले जावं का?

मंडळी, आम्ही दर्यापूर तालुक्यातले, लहान बहीण जर्मनीत मॅग्डेबर्गले मास्टर्स करते. ख्रिसमसच्या सुट्टीत वर्गातल्या पोरी बसनं प्राग आणि तिथून व्हिएन्नाले चालल्या, हिलेही सोबत बोलावलं. पहिल्यांदाच असा ग्रुप जमला तिचा, म्हणून तिनं जावं असं मले मनापासून वाटते.

अडचण अशी की पासपोर्टवरचा डी व्हिसा (लांब मुक्कामाचा) संपला, रेसिडेन्स परमिटचा अर्ज त्याच्या आधीच केला होता पण कार्डाची अपॉइंटमेंट जानेवारीत आहे. मधल्या काळासाठी फिक्शन्सबेशाइनिगुंगचा कागद भेटला, त्यावर जर्मनीच्या रहिवास कायद्यातल्या कलम ८१ पोटकलम ४ वर खूण आहे. ८१(४) असलं की जुना परवाना चालू धरतात अन् शेंगेनमध्ये (युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत) १८० दिवसांत ९० दिवस फिरता येते, हे वाचलं आहे. पण सप्टेंबर २०२४ पासून जर्मनी सगळ्याच जमिनी सीमांवर तपासणी करते, म्हणून परत येतानाचीच जास्त काळजी आहे.

कॉलेजच्या ऑफिसात विचारलं तर कागद सोबत ठेवा एवढंच म्हणाले, नागपूरच्या एजंटले इथून जायच्या व्हिसाचंच माहीत. विमान नाही, बसच, कारण बजेट तेवढंच आहे, आरोग्य विमा सरकारी आहे. बसचं तिकीट रविवारपर्यंत काढायचं आहे. (आईले अजून सांगितलं नाही, ती जाऊच नको म्हणेल.)

८१(४) चा कागद, जुना व्हिसा अन् पासपोर्ट घेऊन झेक किंवा ऑस्ट्रियातून बसनं जर्मनीत परत आलेलं कोणी आहे का, अन् सीमेवर अजून कोणता कागद मागितला?