छोट्या ट्रेडिंग कार्ड दुकानाचा साठा ऑनलाइन शोधता यावा, यासाठी रचना कशी करावी?

कोराकागद
नमस्कार. माझ्या भावाच्या दुकानात मॅजिक, पोकेमॉन आणि यु-गि-ओ या तिन्ही खेळांची सुटी कार्डे विकली जातात. सारा हिशेब एका स्प्रेडशीटमध्ये आहे: नाव, नग आणि किंमत. एकच कार्ड निरनिराळ्या सेटमध्ये (एकत्र बाजारात येणाऱ्या कार्डसंचांत) पुन्हा पुन्हा छापले जात असल्यामुळे एकाच नावाच्या अनेक ओळी झाल्या आहेत, आणि त्यांतली कोणती ओळ कोणत्या कार्डाची, हे फक्त भावालाच ठाऊक असते. ग्राहकाला घरबसल्या कार्ड शोधता यावे आणि ते खरोखर शिल्लक आहे की नाही हे कळावे, एवढीच अपेक्षा आहे. मला पायथन आणि कामापुरते एसक्यूएल येते. टेबलांची रचना कशी ठेवावी आणि शोधासाठी इलॅस्टिकसर्चसारखी स्वतंत्र शोधयंत्रणा लागेल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तळटीप
शोधाचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा, कारण तुमची खरी अडचण टेबलांत आहे. तीन पातळ्या वेगळ्या करा: खेळाच्या नियमांपुरते कार्ड, त्या कार्डाची विशिष्ट छपाई आणि तुमच्या डब्यात प्रत्यक्ष असलेले नग. मॅजिकमधले 'लाइटनिंग बोल्ट' १९९३ च्या पहिल्याच सेटमध्ये आले आणि त्यानंतर कितीतरी वेळा छापले गेले. खेळणाऱ्याला त्यातले कोणतेही चालते, संग्राहकाला मात्र नेमकी एकच छपाई हवी असते. पहिला ग्राहक कार्डाच्या पातळीवर शोधतो, दुसरा छपाईच्या, आणि किंमत ठरते ती तिसऱ्या पातळीवर, म्हणजे भाषा, फॉइल (चकचकीत छपाई) आणि कार्डाची अवस्था पाहून.

मॅजिकची माहिती हाताने टंकत बसू नका. स्क्रायफॉल या संकेतस्थळावर प्रत्येक छपाईला स्वतंत्र आयडी आहे, आणि एकाच कार्डाच्या सर्व छपायांना जोडणारा ऑरॅकल आयडीही आहे. त्यांची संपूर्ण फाइल उतरवून आपल्या डेटाबेसमध्ये भरा. एकेका कार्डासाठी त्यांच्या सर्व्हरचे दार ठोठावणे त्यांनाही रुचत नाही आणि तुमचेही काम रेंगाळते.

सेटमधला क्रमांक मजकूर म्हणूनच साठवा, आकडा म्हणून नको. त्यात अक्षरे आणि ताऱ्याची खूणही येते. पोकेमॉनमध्ये '४/१०२' (१०२ पैकी चौथे) असे लिहिलेले असते आणि सीक्रेट, म्हणजे सेटच्या छापील संख्येपलीकडच्या कार्डांवर पहिला आकडा दुसऱ्याहून मोठा असतो. शिवाय क्रमांकावरून छपाई नेहमीच ठरत नाही. १९९९ च्या इंग्रजी बेस सेटमधील चारिझार्ड हे कार्ड फर्स्ट एडिशन, शॅडोलेस वा अनलिमिटेड यांपैकी कोणत्याही छपाईचे असो, तिन्हींवर ४/१०२ हाच क्रमांक आहे, आणि किमतींत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. यु-गि-ओमध्ये तर एकाच सेटमध्ये एकाच कोडचे कार्ड दोन वेगळ्या दुर्मिळतांत मिळू शकते. म्हणून एडिशन आणि दुर्मिळता हे दोन्ही रकाने तुमच्या युनिक कीमध्ये (प्रत्येक ओळ वेगळी ओळखणाऱ्या रकान्यांच्या जोडीत) असलेच पाहिजेत. ते नंतर घुसवायचे म्हटले, तर डबे पुन्हा उघडून एकेक कार्ड पाहावे लागेल.

अर्धविराम
इलॅस्टिकसर्चची काहीही गरज नाही. काही हजार ओळींसाठी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमधील एफटीएस५ ही मजकूर शोधण्याची सोय पुरेशी आहे. तिचा ट्रायग्रॅम टोकनायझर (नावाचे तीन-तीन अक्षरी तुकडे करणारा भाग) वापरला, तर शब्दाच्या मधल्या तुकड्यावरूनही कार्ड सापडते. स्पेलिंगच्या चुका पोटात घालायच्या असतील, तर पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि त्याचे पीजी-ट्रायग्रॅम एक्स्टेन्शन घ्यावे.

मात्र नावे शोधण्याजोगी करण्याचे काम तुम्हालाच करावे लागेल. 'लिम-डूल' या नावात यू अक्षरावर टोपी आहे आणि ग्राहक ती कधीच टंकणार नाही. युनिकोडच्या एनएफकेडी रूपात (अक्षरे सुटी करून लिहिण्याच्या पद्धतीत) अशा खुणा सुट्या होतात आणि काढून टाकता येतात. पण जुन्या मॅजिक कार्डांवरील ए आणि ई यांचे जोडलेले अक्षर त्याने सुटत नाही, त्याच्या जागी ए आणि ई ही अक्षरे वेगळी घालावी लागतात. मोबाइलवरून टंकताना सरळ अपॉस्ट्रॉफीच्या जागी वळणदार येतो, तोही काढा. 'फायर // आइस' यांसारख्या जोडकार्डांची प्रत्येक बाजू स्वतंत्रपणे सापडली पाहिजे. ही सफाई केलेले नाव वेगळ्या रकान्यात ठेवा, ग्राहकाने टंकलेल्या मजकुरावरही तीच प्रक्रिया चालवा आणि पडद्यावर मूळ नाव दाखवा.

गल्लेवाला
वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, परंतु अशी संकेतस्थळे शोधापायी बंद पडत नाहीत, ती बंद पडतात काउंटरमुळे. दुकानात कार्ड विकले गेले आणि नोंद संध्याकाळी करू म्हणून राहिली, की तेवढ्यात तेच कार्ड ऑनलाइनही विकले जाते. काउंटरवरची विक्री त्याच डेटाबेसमध्ये, त्याच क्षणी नोंदली गेली पाहिजे. नगांचा आकडा थेट बदलू नका. आवक, विक्री, परतावा, फेरमोजणी अशी प्रत्येक हालचाल वेगळ्या टेबलात लिहा, म्हणजे हिशेब जुळला नाही तर कोठे चुकले ते शोधता येते. विक्री करताना 'शिल्लक किमान एक असेल तरच कमी कर' अशी अट त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्रच पूर्ण होणाऱ्या नोंदीत) घाला. ऑनलाइन ग्राहकासाठी कार्ड ठरावीक मिनिटे राखून ठेवावे आणि पैसे न आल्यास आपोआप मोकळे करावे.

कोराकागद
सर्वांचे आभार. दुर्मिळतेचा रकाना माझ्या ध्यानीमनीही नव्हता. आता एकच शंका: हजारो कार्डांची पहिली नोंद करायची कशी? भावाला दुकान बंद ठेवणे परवडणार नाही.

तळटीप
सगळी कार्डे चढवण्याचा हट्ट धरू नका. काचेच्या कपाटातील आणि बाइंडरमधील महाग कार्डे आधी घ्या. स्वस्त कॉमन कार्डांची एकेक नोंद करण्याचा खर्च बहुधा त्यांच्या किमतीहून जास्त होतो. एकेक डबा आधी सेट आणि क्रमांकानुसार लावा. नोंदीच्या फॉर्ममध्ये सेट, भाषा आणि अवस्था मागच्या नोंदीतलीच कायम राहू द्या, म्हणजे भावाला फक्त क्रमांक टंकून एंटर दाबायचे राहील. शेजारी त्या कार्डाचे चित्र दिसले, की चूक तिथल्या तिथे कळते. अवस्थेसाठी निअर मिंटपासून (जवळजवळ नवे) डॅमेज्डपर्यंतच्या (खराब झालेले) रूढ पायऱ्याच वापरा, आणि शंका असेल तेथे एक पायरी खालची लिहा. डब्याचा क्रमांकही त्याच वेळी नोंदवा, नाहीतर ऑर्डर आल्यावर कार्ड पडद्यावर दिसेल आणि हाताला लागणार नाही.