साउथ डाउन्स वे: 40 मिमी टायर पुरेल का?

रानवाट: सप्टेंबरमध्ये दक्षिण इंग्लंडमधली ही वाट, विंचेस्टर ते ईस्टबोर्न, 160 किमी, दोन दिवसांत करायचंय. ग्रॅव्हल बाइक (कच्च्या रस्त्याची सायकल), 40 मिमी टायर, पुढे 40 दाती चकती, मागे 11-34 (सर्वांत लहान चकतीला 11 दाते, मोठीला 34). काय बदलू?

चढउतार: आधी गिअर. एकूण चढ 3,800 मीटरच्या आसपास आहे आणि सामान लादल्यावर 40-34 ला गुडघे बोलायला लागतात. मागे 11-42 बसवा. पण डिरेल्यरला (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाला) तेवढी मोठी चकती झेपते का, ते आधी बघा. टायर 45चे, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले). इथली गारगोटी फुटली की पात्यासारखी धार येते आणि ती टायरची बाजू चिरते. तिथे सीलंट (टायरमधला भोक बुजवणारा द्रव) हात टेकतं. म्हणून प्लग (भोकात कोंबायच्या पट्ट्या), एक ट्यूब आणि आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा हवाच. 70 किलोच्या माणसाला हवेचा दाब 30 पीएसआयपासून सुरू करा.

खडूमाती: पाऊस झाला असेल तर ओल्या खडूच्या उतारावर पुढचा ब्रेक जपून. चाकं साबणावर ठेवल्यासारखी सटकतात. चिखल फ्रेममध्ये भरतो, टायरभोवती 6 मिमी तरी मोकळी जागा ठेवा. पश्चिमेकडून निघताय ते बरं, वारा बहुधा पाठीशी.

रानवाट: शेवटी सेव्हन सिस्टर्सच्या कड्यांवरून जाता येईल?

चढउतार: नाही, ती पायवाट आहे. आल्फ्रिस्टनला वाट फुटते. तुम्ही जेव्हिंग्टनकडची ब्रायडलवे (घोडे, सायकली आणि चालणारे यांची वाट) धरा. पाट्यांवरचा निळा बाण सायकलला चालतो, पिवळा फक्त पायी. घोडे आणि चालणारे दिसले की आधी त्यांना वाट द्यायची. वाटेतली उघडायची फाटकं मात्र मोजू नका, खूप आहेत!