मदत हवी आहे: चर्चला जाणारे सगळे एकाच मापाने का मोजायचे?

नमस्कार मंडळी. आम्ही ह्यूस्टनला राहतो. इथल्या आपल्या मराठी गोतावळ्यात बॅप्टिस्ट (प्रोटेस्टंट ख्रिस्ती धर्मातला एक पंथ) शेजाऱ्यांना सर्रास ‘अडाणी, विज्ञानद्वेष्टे’ म्हटलं जातं. २०१७च्या हार्वी वादळानंतर पिवळ्या शर्टातले सदर्न बॅप्टिस्ट स्वयंसेवक लोकांच्या घरातला चिखल उपसत होते, भिजलेलं ड्रायवॉल (भिंतींचे जिप्समचे तक्ते) कापून बाहेर काढत होते. माणसाच्या सगळ्या जनुकांचा नकाशा बनवणाऱ्या ह्यूमन जीनोम प्रकल्पाची धुरा वाहणारे शास्त्रज्ञ फ्रान्सिस कॉलिन्सही श्रद्धाळू इव्हँजेलिकलच, म्हणजे बायबलला सर्वोच्च मानणाऱ्या ज्या प्रोटेस्टंट प्रवाहात अनेक बॅप्टिस्टही येतात, त्यातलेच. गर्भपात, समलिंगी विवाह यांवर माझे या लोकांशी टोकाचे मतभेद आहेत, ते राहणारच. पण शिक्का कशाला? मोठ्यांचं ऐकून आता माझी लेक वर्गातल्या अशा मैत्रिणीला घरी बोलवायला कचरते, याचा फार त्रास होतो. पार्टीत कुणी असं बोललं, तर भांडण न होता कसं थांबवता? आणि मुलांना काय सांगता?