शेजाऱ्यांच्या रोजच्या त्रासात उपकारस्तुती कशी करता?

वडगावशेरी_आई
सगळ्यांना जय ख्रिस्त. रविवारी पाळकसाहेबांनी बायबलमधल्या १ थेस्सल ५:१८ वर संदेश दिला, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, म्हणजे देवाचे आभार माना. उपासनेत बसल्यावर ते एकदम पटतं, पण सोमवारी सकाळी खाली उतरलं की गेटसमोर कुणाचीतरी फोरव्हीलर आडवी लावलेली, मुलीची व्हॅन कोपऱ्यावर हॉर्न वाजवतेय, आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनी कुंड्यांना पाणी घालतात ते थेट आमच्या दोरीवरच्या कपड्यांवर, युनिफॉर्मच्या पांढऱ्या शर्टावर मातीचे ओघळ. सांगितलं तर म्हणतात झाडांना पाणी तर लागणारच ना. रात्री समोरच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये कुणाचा तरी वाढदिवस, साडेअकरापर्यंत स्पीकर, सासूबाईंना बीपीचा त्रास.

प्रार्थनेला बसते तेव्हा तोंडाने आभार मानते पण आत राग धुमसत असतो, असे आभार देवाला चालतात का? आणि आभार मानायचे म्हणजे तक्रार करायचीच नाही का? मिस्टर म्हणतात सोडून दे, आपण सहन करावं. तुम्ही रोजच्या जगण्यात हे कसं करता ते सांगा प्लीज.

खडकीचे_काका
ताई, मिस्टरांचा मान ठेवून सांगतो, बायबलमधला प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६ शेवटपर्यंत वाचा. ख्रिस्ताचा संदेश सांगणारे पौल आणि सीला फिलिप्पैच्या तुरुंगात, फटके खाल्लेले, पाय खोड्यात, आणि मध्यरात्री देवाची गाणी गाताहेत, इथवर सगळे सांगतात. पुढचं फार कुणी सांगत नाही. सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप आला की ह्यांना सोडून द्या, तर पौल म्हणाला आम्ही रोमी नागरिक, चौकशी न करता आम्हाला चारचौघांत मारलं आणि आता गुपचूप घालवताय? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. आणि ते आले, विनवण्या केल्या. रात्री गाणारा आणि सकाळी जाब विचारणारा माणूस एकच आहे, त्यामुळं उपकारस्तुती करणाऱ्याने तक्रार करू नये हे मला शास्त्रात कुठं दिसत नाही.

स्पीकरचं म्हणाल तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर लावता येत नाही, सणांना काही दिवस सूट असते पण वाढदिवसाला नाही. आधी स्वतः जाऊन नीट बोला, ऐकलं नाही तर पोलिसांचा ११२ आहे. सासूबाईंच्या तब्येतीचा प्रश्न आहे, ह्यात संकोच करू नका.

विश्रांतवाडी_वहिनी
रागाबद्दल लिहिते. स्तोत्र १३ उघडा ताई, सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत दावीद चार वेळा देवाला विचारतो, कोठवर? आणि शेवटच्या वचनात तोच म्हणतो मी परमेश्वराचं गीत गाईन. मी तसंच करते, आधी शर्टाचं, हॉर्नचं, सगळं जसं आहे तसं देवाला सांगून टाकते, मग आभार. देवाला आपला राग आधीच माहीत असतो, लपवून काय करणार.

आणि आभार मोघम मानत नाही, माणसाचं नाव घेऊन मानते. आमच्याकडे ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई कचरा न्यायला येतात, लिफ्ट बंद असली तरी जिन्याने, आणि लोक त्यांच्या हातात वाट्टेल ते कोंबतात, ओलं-सुकं एकत्र. सकाळच्या प्रार्थनेत मी त्यांचं नाव घेते. आता रोज नाव घेतल्यावर त्यांच्या बादलीत काहीही टाकवत नाही हो! पॅड-डायपर पेपरात गुंडाळून वर लाल ठिपका काढते म्हणजे त्यांना ते हाताने उघडून बघावं लागत नाही. मजल्यावरच्या दोघी-तिघीही आता करतात. माझी चिडचिड संपली असं नाही, पण बिल्डिंगमधली माणसं दिसायला लागली.

घोरपडीचा_जॉन
आम्ही कॅथलिक, मिस्सात म्हणजे आमच्या उपासनेत ऐकतो, प्रभू येशूला धरून दिलं त्या रात्री त्याने भाकर घेतली आणि आभार मानले. धरून देणारा त्या रात्री जेवायला तिथंच होता आणि प्रभूला ते माहीत होतं. राग शांत झाला की मग आभार मानू असं मी म्हणत नाही ते ह्यामुळेच; तसं थांबलो तर आमच्या गल्लीत तो दिवस यायचाच नाही, रस्ता खणलेला, धूळ, पाण्याचे टँकर रिव्हर्स घेताना भोंगा.

वडगावशेरी_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, कृत्ये १६ मिस्टरांना वाचायला दिलं, वाचून म्हणाले सोसायटीचा अर्ज मी लिहितो. वरच्या वहिनींकडे मात्र मी एकटीच जाणार आहे, अर्जबिर्ज नको तिथे.

खडकीचे_काका
उत्तम. जाताना कुंड्यांखाली ठेवायच्या प्लास्टिकच्या ताटल्या घेऊन जा, कुठल्याही नर्सरीत मिळतात. आणि त्यांना पाणी घालायची वेळ विचारून घ्या, तेवढ्या वेळात दोरी आत. ताटल्यांत पाणी साचू देऊ नका म्हणावं, डेंग्यूचे डास होतात.