संतरी कुठंय? : परग्रहावरच्या फौजा आणि आपले अनुभव

मागच्या रविवारी पुतण्याबरोबर 'स्टारशिप ट्रूपर्स' (1997) पुन्हा पाहिला. यान उतरतं, दार उघडतं आणि जवानांचा लोंढा जत्रेतल्यासारखा एकमेकांना रेटत पळत सुटतो. ना तोफखाना, ना रणगाडे. ज्या कादंबरीवरून हा सिनेमा निघाला तिच्यात जवानांना यांत्रिक चिलखतं तरी आहेत. इथं तीही नाहीत.

मला कॉलेजातलं एनसीसी शिबिर आठवलं. पॉइंट टू-टू रायफल, 25 यार्ड, प्रत्येकी पाच राउंड. फायरिंग संपल्यावर रिकाम्या पुंगळ्या (उस्तादांच्या भाषेत खोखे) मोजल्या तर एक कमी. उस्तादांनी सगळ्यांना ओळीत गुडघ्यांवर बसवलं आणि भर उन्हात गवत विंचरायला लावलं. दीड तासाने पुंगळी सापडली ती माझ्याच पँटच्या दुमडीत. मी काय खाल्लं ते विचारू नका. एका पुंगळीसाठी एवढा जीव काढणारी संस्था परग्रहावर गेली की इतकी ढिली पडते?

तुम्ही स्वतः केलेलं, पाहिलेलं लिहा. 'सिनेमा आहे, सोडून द्या' म्हणणाऱ्यांना आधीच रामराम.

माजी गनर, नाशिक :
17 वर्षं तोफखान्यात काढली, शिकलो देवळालीला. तोफ शत्रूला सहसा बघतच नाही हो. ती डोंगराआड असते. पुढच्या टेकडीवर ओपी (निरीक्षक) दुर्बीण लावून बसलेला असतो, तो सांगतो 'ॲड 200' (गोळा 200 मीटर पुढे टाका), मग आम्ही. बोफोर्सचा गोळा 24 किलोमीटर जातो. कारगिलला थेट नेम धरूनही त्या चालवल्या, पण तिथं समोर डोंगरमाथ्यावरचे बंकर होते. सिनेमात मात्र राक्षस आला की तोफा-रणगाडे सगळे त्याच्या पायाच्या अंगठ्याशी हजर! दोघं एका चौकटीत मावायला हवेत ना. नातवाने विचारलं, 'आजोबा, तुम्ही असता तर?' म्हटलं, मी असतो तर तुला दिसलोच नसतो.

हेलिकॉप्टर मेकॅनिक, निवृत्त :
'काँग : स्कल आयलंड'. हेलिकॉप्टरं राक्षसी माकडाच्या हाताच्या टप्प्यात घिरट्या घालतात. वर जा की रे! थिएटरात मोठ्याने ओरडलो. बायको अजून ऐकवते.

शॉर्ट सर्व्हिसवाला, पुणे :
थोडा विरोध नोंदवतो. 1986 चा 'एलियन्स' बघा. लेफ्टनंट गोरमनची ही लढाईतली दुसरीच उडी. स्वतः चिलखती गाडीत बसून पडद्यावर बघतो. जवान अणुभट्टीखाली उभे आहेत हे कळल्यावर त्यांच्याकडची काडतुसं काढून घ्यायला लावतो, पण त्यांना मागे बोलवत नाही. वर कक्षेतल्या यानात तर एकही माणूस ठेवलेला नाही. गाढवपणाच, पण हा लेखकाने जाणूनबुजून लिहिलेला गाढवपणा आहे. कॅमेरॉनच्या डोक्यात व्हिएतनाम होतं, आणि सिनेमात सार्जंटचं काम करणारे अल मॅथ्यूज खरोखरच तिथं मरीन म्हणून लढून आले होते.

मला तो पटतो, कारण पहिल्या पोस्टिंगला मीच गोरमन होतो. जवानांसमोर ऐटीत नकाशा उघडला, तो उलटा. सुभेदारसाहेबांनी चहाचा मग पुढे केला आणि मग ठेवायला जागा करतोय अशा थाटात नकाशा फिरवून दिला. एक शब्द नाही. असा सुभेदार मला एकाही अंतराळयानात दिसलेला नाही.

रणगाडेवाला, नगर :
टी-72 ची उंची जेमतेम सव्वादोन मीटर. जितकं बुटकं तितकं आयुष्य जास्त, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं. आणि 'स्टार वॉर्स'च्या 'एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये इमारतीएवढे चार पायांचे रणगाडे सपाट बर्फावरून चालत येतात! पायात दोर गुंडाळला की धाडकन खाली. पुढे बोलायची इच्छा नाही.

पर्थहून :
खऱ्या सैन्याचंही ऐका. इथं वेस्टर्न ऑस्ट्रेलियात 1932 मध्ये गव्हाची नासाडी करणाऱ्या एमू पक्ष्यांवर सैनिक पाठवले होते. दोन लुईस मशीनगन, 10,000 राउंड. गोळीबार सुरू झाला की एमू छोट्या छोट्या टोळ्या करून पांगायचे. मोहीम फसली. शेजारचे आजोबा मला ही गोष्ट दर नाताळात सांगतात आणि दर वेळी तितकंच हसतात. म्हणजे गर्दी करायची नाही हे एमूला कळतं, 'स्टारशिप ट्रूपर्स'ला नाही.

फौजीची बायको, सातारा :
आमचे हे सुट्टीवर आले की मुलं असले पिक्चर लावतात. रात्र होते, सगळी फौज शेकोटीभोवती गाढ झोपते, आणि यांचं सुरू, 'संतरी कुठंय? अरे, पहारा कुणाचा आहे?' मुलं म्हणतात, 'बाबा, गप्प बसा ना.' मग मागून कुणीतरी आठ पायांचं येतं आणि दोघातिघांना ओढून नेतं. मागच्या खेपेला हे मधूनच उठले. मला वाटलं, कंटाळले. बघते तर मागच्या दाराची कडी तपासत होते.