हात कानाला घासून बॅकस्ट्रोक? प्रौढ खांद्यांना हा सल्ला देऊ नका

उताणी: काल या पोहण्याच्या फोरमवर एकाने बॅकस्ट्रोकबद्दल, म्हणजे उताणं पोहण्याबद्दल, लिहिलं, "वेग हवा असेल तर हात कानाला घासून मागे टाका, भरभर फिरवा, किक आपोआप येते." प्रौढांना यातली एकही गोष्ट लागू पडत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

हात कानाशी न्यायला खांदे आणि पाठीचा वरचा भाग मोकळा लागतो. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचा तो आखडलेला असतो. मग कमरेला बाक येतो, नाहीतर हात डोक्यामागे मधली रेघ ओलांडतो. रेघ ओलांडली की कंबर विरुद्ध बाजूला फेकली जाते आणि माणूस लेनमध्ये नागमोडी जातो. डोक्यामागे घड्याळाचा १२ धरा; हात ११ आणि १ वर पडायला हवेत. आखडलेल्या खांद्यांना १० आणि २ सांगावं, कारण १० वर टाकतोय असं वाटतं तेव्हा हात बहुधा ११ वरच पडलेला असतो.

करंगळी आधी पाण्यात, त्याच वेळी खांदा त्या बाजूला वळलेला. हात साधारण वीतभर खोल गेला की कोपर वाकवायचं. खेचण्याच्या मध्यावर ते जवळपास काटकोनात असावं, कोपर तळाकडे, बोटं बाजूच्या भिंतीकडे. तिथून पाणी पायांकडे ढकलायचं. हात ताठ ठेवून खेचलं तर बराच जोर पाणी बाजूला सारण्यात जातो.

लेन ४: तो सल्ला माझा होता. कानाचं सोडा, पण "भरभर" मागे घेणार नाही. प्रौढांचा बॅकस्ट्रोक मंदावतो तो मांडीपाशी. हात खेचून झाला की तिथेच विसावतो, दुसरा डोक्यामागे वाट बघतो, शरीर थांबतं. एक हात पाण्यात शिरताना दुसरा बाहेर निघालाच पाहिजे. ड्रिल (तंत्राचे सुटे सराव) करून करून लोक सुंदर आणि संथ पोहतात. २५ मीटरचे स्ट्रोक आणि सेकंद दोन्ही मोजा. स्ट्रोक कमी झाले आणि सेकंद वाढले, तर ती सुधारणा नव्हे.

उताणी: मांडीपाशी थांबण्याचं मान्य, ते माझ्याकडून राहिलं. पण रेघ ओलांडणारा हात भरभर फिरवला तर नागमोडी चालच भरभर होईल. आधी दिशा. एका कुशीवर सहा किक, मग हात बदलून दुसऱ्या कुशीवर सहा. डोकं मात्र स्थिर, कपाळावर अर्धा भरलेला पेला ठेवल्यासारखं.

भिंतीपाशी: हातांवर एवढं भांडताय आणि वेळ जातोय भिंतीपाशी. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बॅकस्ट्रोकला अमेरिकेचा बर्कॉफ आणि जपानचा सुझुकी पहिला अर्ध्याहून जास्त लॅप पाण्याखाली डॉल्फिन किकवर (दोन्ही पाय जोडून लाटेसारखे हलवत) गेले, सुझुकीने सुवर्ण जिंकलं. त्यानंतर नियमाने मर्यादा आणली, आता १५ मीटर. पृष्ठभागावर लाट उठवण्यात जी ताकद जाते ती अर्धा-पाऊण मीटर खाली वाचते. प्रौढांना हे कुणी शिकवतच नाही!

लेन ४: कारण त्यांना ते जमत नाही. घोटे लाकडासारखे, नाकात पाणी, तिसऱ्या किकला दम संपतो, वर आल्यावर पुढचे चार स्ट्रोक श्वास सावरण्यात जातात. ऑलिंपिकवाल्यांची उदाहरणं इथे कशाला?

भिंतीपाशी: "जमत नाही" हे ठरवणारे तुम्ही कोण? नाकातून सलग हवा सोडत राहिलं की पाणी शिरत नाही. भिंतीपासून ५ मीटरवर झेंड्यांची दोरी असते. ढकलून निघा, एकदा चार डॉल्फिन किक मारून आणि एकदा लगेच वर येऊन दोरीपर्यंतचे सेकंद मोजा. जे कमी भरेल ते ठेवा.

घोटा: दोघेही किकच्या मुळाशी जात नाही आहात. पाण्याबाहेर गुडघा दिसला तर ती सायकल झाली; पाय कमरेतून हलायला हवा, अंगठे किंचित आत वळलेले. घोटा ताणत नसेल तर पाऊल नांगरासारखं पाणी अडवतं. टाचांवर बसून रोज दोन मिनिटं ताण द्या, गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसून. आखूड फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) घालून ५० मीटर, लगेच फिन्सशिवाय ५०, असं एकाआड एक. सतत फिन्स घालणाऱ्यांची कंबर ते काढताच बुडते.

लेन ४: फिन्स म्हणजे कुबड्या, हे मी आधीपासून सांगतोय.

घोटा: मी तसं म्हटलेलं नाही. नीट वाचा. एकाआड एक, असं लिहिलंय.

उताणी: मूळ प्रश्न हातांचा होता. लेन ४, ११ आणि १ बद्दल काय?

लेन ४: ११ आणि १ ठीक. कानाला घासणं मागे घेतो. पण २५ मीटरचे सेकंद लिहिल्याशिवाय कुणी "सुधारलं" म्हणू नये, तुम्हीसुद्धा.

भिंतीपाशी: आणि दोरीपर्यंतचे वेगळे लिहा.