सरकारी शाळेतल्या मुलांसाठी मेडिकलच्या जागा राखाव्यात का?

मुरबाडची लेक:
12 वर्षं ठाण्यात स्टाफ नर्स आहे. गेल्या पावसाळ्यात शहापूरकडची एक कातकरी बाई जुलाब लागलेलं 7 महिन्यांचं पोर घेऊन आली. निवासी डॉक्टर परराज्यातला, मनाने चांगला, पण हिंदीत विचारत होता. बाई प्रत्येक प्रश्नाला नुसती मान हलवायची. केसपेपरवर लिहिलं गेलं, 'ओआरएस (जुलाबात पाण्यात कालवून द्यायची क्षार-साखरेची पावडर) दिले'. मग आमच्या आयाबाईंनी तिच्या बोलीत विचारलं. एकच पाकीट ती 3 दिवस चिमूट-चिमूट पुरवत होती!

तामिळनाडूने 2020 मध्ये कायदा करून सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्या, 'नीट' या मेडिकल प्रवेश परीक्षेत पात्र ठरलेल्या मुलांना एमबीबीएसच्या 7.5 टक्के जागा दिल्या. 2022 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही तो कायदा उचलून धरला. आपल्याकडे का नको?

घोडबंदरकर:
ताई, तळमळ कळते, पण विरोध आहे. राज्यात अनुसूचित जातींना 13 टक्के, जमातींना 7 टक्के, ओबीसींना 19 टक्के जागा आहेतच. माझी मुलगी नीटला दुसऱ्यांदा बसतेय, तिला काय सांगू? अडचण भाषेची असेल तर भाषा शिकवा. 2019 पासून एमबीबीएसच्या सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेची तरतूद आहे, ती तरी नीट राबवा. आणि तामिळनाडूचा नियम इथे बसणार कसा? जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा फार तर सातवी-आठवीपर्यंत असतात. पुढे मुलं खाजगी अनुदानित हायस्कुलात जातात.

मुरबाडची लेक:
शाळांचा मुद्दा बरोबर आहे, तो माझ्या लक्षात आला नव्हता. मग आश्रमशाळा आणि गावातली अनुदानित हायस्कुलंही धरा. पण तेवढ्याशा कोर्समध्ये मराठी येईल, कातकरी बोली नाही. आणि जमातींच्या 7 टक्क्यांत कातकरी कुठे आहेत? 12 वर्षांत मी एकही कातकरी डॉक्टर पाहिला नाही.

ऐरोलीचा रेसिडेंट:
मी आश्रमशाळेतून, जमातीच्या जागेवर आलो. नुसती जागा देऊन भागत नाही. पहिल्या वर्षी ॲनाटॉमीचं पान वाचायला मला तासभर लागायचा, शब्दकोश मांडीवर घेऊन. नापास झालो. नंदुरबारकडचे एक सर रोज संध्याकाळी डिसेक्शन हॉलमध्ये थांबून शिकवायचे. ते नसते तर मी बॅग भरून घरी गेलो असतो. म्हणून शिकवणाऱ्यांतही आमची माणसं हवीत. एमडी-एमएसनंतरच्या सुपरस्पेशालिटीच्या प्रवेशात जातीचं आरक्षण नाही, मग त्या विभागांत आमच्यातले प्राध्यापक येणार कुठून?

घोडबंदरकर:
सुपरस्पेशालिटीत तर आरक्षण नसावंच, हे माझं ठाम मत आहे. पण त्या सरांसारखे शिक्षक प्रत्येक कॉलेजात पूर्ण पगारावर नेमा, पहिल्या वर्षाला इंग्रजीचे जादा तास ठेवा, अकरावीपासून मोफत क्लास आणि हॉस्टेल द्या. त्यासाठी माझा कर खुशाल वापरा.

मुरबाडची लेक:
दादा, अकरावीला फार उशीर होतो. आमच्याकडच्या पोरी आठवीतच शाळा सोडून आईबापाबरोबर वीटभट्टीवर जातात.